उकळलेला टीएनएफ

जानेवारीत टीएनएफ नावाच्या प्रोटीनची मागणी टाकली आणि ऑगस्टमध्ये पहिला नीट रिझल्ट आला, मधले सात-आठ महिने कुठं गेले ते सांगते. लॅबमधल्या नवीन पोरांना दर वेळी तोंडी सांगून कंटाळा आलाय म्हणून लिहायलेय.

मी संभाजीनगरला पीएचडी करते, विषय आहे वसमतकडच्या हळदीचा अर्क आणि सूज. आता सूज कमी होते का ते बघायचं तर आधी पेशींना सूज यायला पाहिजे, आणि त्यासाठी लागतं टीएनएफ अल्फा. आपल्याच शरीरातलं प्रोटीन आहे, पांढऱ्या पेशी एकमेकींना 'गडबड झालीय, कामाला लागा' असा निरोप याच्यातनं देतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक, हे नाव पडलं १९७५ मध्ये, कारण उंदरातल्या गाठी याच्यानं जळायच्या, १९८४ मध्ये जीन हाताला लागलं आणि मग सगळ्यांना वाटलं झालं, कॅन्सरचं औषध सापडलं. पेशंटला देऊन बघितलं तर ताप, बीपी खाली, माणूस शॉकमध्ये. शेवटी झालं उलटंच, टीएनएफ अडवणारी औषधं आली आणि तीच चालली, माझ्या आत्याला संधिवातासाठी तेच इंजेक्शन चालू आहे. म्हणजे आत्याच्या अंगात जे अडवायला पैसे लागतात तेच मी विकत आणते, असं घरी गमतीनं म्हणतात.

आमचे अण्णा परतूर तालुक्यात कापूस-सोयाबीन करतात. त्यांनी एकदा विचारलं, "ते काय मागवलंस म्हणे, केवढ्याचं हाय?" मी म्हणलं, अठरा हजाराला एक कुपी, वर जीएसटी. "किती येतं त्याच्यात?" दहा मायक्रोग्राम. म्हणजे किती, तर एका ग्रॅमचे एक लाख भाग केले तर त्यातला एक. अण्णांनी मोबाईलवर हिशोब केला, ग्रॅमला १८० कोटी, आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणले, "अन् बनवतात कशापासून, माणसापासून?" नाही, ई. कोलाय जिवाणूत माणसाचं जीन घालतात, तो वाढतो आणि आपलं प्रोटीन बनवून देतो. "म्हणजे आपल्या बीटीच्या उलटं. तिथं कापसात जिवाणूचं घातलंय, इथं जिवाणूत माणसाचं." २००२ पासून बीटी लावणाऱ्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि मी सेमिनारमध्ये याच्यावर सहा स्लाइड घातल्या होत्या.

खरेदीचं फार लिहीत नाही. आधी जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोधा, तिथं मिळत नाही याचा कागद काढा, मग तीन कोटेशन, मग खरेदी समिती, समितीतले एक सर रजेवर, तेवढ्यात मार्च एंड आला आणि ग्रँट परत जाते की काय म्हणून माझं बीपी वाढलेलं. दोन कुप्यांची पीओ, म्हणजे खरेदीची पक्की ऑर्डर निघाली, माल बाहेरून येणार होता, आला मे महिन्यात. आमच्याकडचा मे, बाहेर ४२ डिग्री, आणि बॉक्स आला शनिवारी दुपारी जेव्हा लॅबला कुलूप होतं. वॉचमन काकांनी बिचाऱ्यांनी त्यांच्या केबिनमध्ये कूलरसमोर ठेवला. सोमवारी उघडला तर आतले जेल पॅक पार पाणी झालेले. मला रडूच आलं. पण हे प्रोटीन गोठवून वाळवलेलं असतं, कोरडं असताना काही दिवस साध्या तापमानाला टिकतं, नाजूकपणा सुरू होतो तो पाणी घातल्यावर. कागद वाचल्यावर कळालं, रडून झाल्यावर.

कुपी उजेडात धरली तर आत काहीच नाही. अगदी कोरी काच. मी तर फोनच लावणार होते की रिकामी कुपी पाठवली म्हणून. दहा मायक्रोग्राम डोळ्याला दिसत नसतं, आणि प्रवासात ते झाकणालाही चिकटलेलं असू शकतं, म्हणून झाकण उघडायच्या आधी सेंट्रीफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून सगळं तळाला आणायचं. हे नाही केलं तर झाकण उघडताना १८ हजार बोटाला लागून जातील आणि तुम्हाला कळणार पण नाही. मग १०० मायक्रोलिटर पाणी, तेही लॅबचं नाही, मेडिकलमध्ये इंजेक्शनचं पाणी मिळतं ना काही रुपयांना, ते. हळू घालायचं, व्हॉर्टेक्स, म्हणजे मशीनवर जोरात घुसळणं, अजिबात करायचं नाही, फेस आला की प्रोटीन गेलं. त्यात थोडं बीएसए घातलं, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, कारण इतकं कमी प्रोटीन असलं की ते प्लास्टिकलाच चिकटून बसतं, मग अल्ब्युमिन आधी जाऊन जागा अडवतं. पाच-पाच मायक्रोलिटरचे वीस भाग करून उणे ८० ला. एक भाग एकदाच वितळवायचा, उरलं तर परत गोठवायचं नाही, कितीही जिवावर आलं तरी.

पेशी टीएचपी-१, पुण्याच्या एनसीसीएस या पेशींवर काम करणाऱ्या संस्थेतून आणलेल्या. १९८० मध्ये जपानमध्ये ल्युकेमिया झालेल्या एका वर्षाच्या मुलाच्या पेशी आहेत ह्या, अजून वाढतायत, कधी कधी रात्री एकटी असले की हे डोक्यात येतं. असो. पीएमए नावाचं रसायन देऊन दोन दिवसांत त्या प्लेटला चिकटल्या, टीएनएफ दिला, दुसऱ्या दिवशी एलायझा केली, म्हणजे सूज आली की पेशी जे आयएल-८ प्रोटीन सोडतात ते रंगावरून मोजायची टेस्ट, आणि टीएनएफच्या सगळ्या वेल, म्हणजे प्लेटमधले छोटे खड्डे, हळदीसारख्या पिवळ्याधमक. नुसत्या मीडियमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाच्या, वेल पांढऱ्या. मी फोटो काढून मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना पाठवला, त्यांचा एका ओळीचा रिप्लाय, "उकळलेला कंट्रोल कुठंय?"

तर ते काय असतं, प्रोटीन उकळलं की अंड्यासारखं त्याचं रूप बिघडतं, मग पेशीवरच्या त्याच्या कुलपात ते बसत नाही. पण हे प्रोटीन जिवाणूत बनवलेलं, त्याच्यासोबत जिवाणूच्या भिंतीतलं एलपीएस नावाचं द्रव्य आलं असेल तर ते उकळून जात नाही. आणि टीएचपी-१ ला एलपीएस जरासं जरी लागलं तरी ती तसाच आयएल-८ सोडते, दरवाजा वेगळा पण आत गेल्यावर रस्ता एकच. म्हणून टीएनएफ उकळून द्यायचा, तरी पेशी पेटल्या तर समजायचं की हे काम टीएनएफचं नव्हतंच.

उकळला. दिला. पेटल्या. तेवढंच पिवळं.

त्या दिवशी मी जेवले नाही. जिवाणूत बनवलंय म्हणजे जिवाणूची घाण आलीच असणार, अठरा हजार गेले, आता परत तीन कोटेशन. मॅडमनी एक कागद घेतला. कंपनीच्या सर्टिफिकेटवर लिहिलंय, एक मायक्रोग्रामला एलपीएस ०.१ नॅनोग्रामपेक्षा कमी. तू देतेस मिलिलिटरला १० नॅनोग्राम टीएनएफ. म्हणजे त्यातून एलपीएस जास्तीत जास्त किती जाणार, एक पिकोग्राम. "एवढ्यानं एवढं पिवळं होईल का गं? पातळ कशात केलंस?"

पीबीएसमध्ये, म्हणजे मिठाच्या बफरमध्ये, बीएसए घालून. पाच मायक्रोलिटरचा भाग पाच मिलिलिटरमध्ये, आणि त्यातलं ५० मायक्रोलिटर प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे वेलचा दहावा हिस्सा माझं ते बीएसएचं पाणी. बीएसएची बाटली डिपार्टमेंटची, किती वर्षांची कुणास ठाऊक, शंभर हातांनी चमचा घातलेली, ब्लॉटिंगसाठी, म्हणजे प्रोटीन ओळखायच्या दुसऱ्या टेस्टसाठी, एकदम चालते. मी नुसतं ते पाणी दिलं, टीएनएफ न घालता, तरी पिवळं. त्यात पॉलिमिक्सिन बी घातलं, ते एलपीएसला धरून ठेवतं, तर पिवळेपणा जवळपास गेला. म्हणजे चोर १८ हजारांच्या कुपीत नव्हताच, पन्नास वेळा उघडलेल्या बाटलीत होता.

"पण मॅडम मी पीबीएस ऑटोक्लेव्ह केलं होतं" हे मी म्हणले आणि लगेच जीभ चावली. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, १२१ डिग्रीला जिवाणू मरतो, त्याच्या भिंतीचं एलपीएस तसंच राहतं. काचेचं सामान असलं तर कोरड्या ओव्हनमध्ये २५० डिग्रीला अर्धा तास ठेवावं लागतं. मला हे परीक्षेत आलेलं होतं आणि बरोबरही लिहिलं होतं.

कुपीतल्या भागांमध्येही तेच बीएसए होतं, पण ते वेलमध्ये जाईपर्यंत दहा हजार पट पातळ होतं, म्हणून ते फेकायची गरज पडली नाही. आता मी थेट सीरम असलेल्या मीडियममध्येच पातळ करते, सीरममधलं प्रोटीन बीएसएसारखंच जागा अडवायचं काम सांभाळतं. ऑगस्टमध्ये परत केलं, टीएनएफच्या वेल पिवळ्या, उकळलेल्याच्या पांढऱ्या, नुसत्या मीडियमच्या पांढऱ्या. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. अण्णांना फोन करून सांगितलं तर म्हणले, "पांढरं आलं म्हणून खूश हायेस का पिवळं आलं म्हणून?" दोन्ही, म्हणलं.

एक कुपी अजून न उघडलेली आहे आणि पहिलीचे १४ भाग शिल्लक. पुढच्या आठवड्यात हळदीचा अर्क लावायचाय. मॅडमनी आधीच विचारून ठेवलंय की जमिनीतून काढलेल्या गड्ड्यात एलपीएस किती असेल ते बघितलंस का, आणि मी म्हणणार होते की मॅडम वसमतला हळद शिजवूनच वाळवतात, पण तोंड उघडायच्या आतच गप्प बसले आणि पॉलिमिक्सिनची कुपी शोधायला गेले.