रेगेन्सबुर्ग, दुपारपर्यंतचा मुक्काम

सकाळी आठला बोट जर्मनीतल्या या गावी डॅन्यूब नदीच्या धक्क्याला लागली. गाइडने आधी दगडी पुलावर नेले. ११३५ ते ११४६, अकरा वर्षांत बांधलेला. कमानींखालून पाणी भोवरे घेत सुटते, ते बघत सगळे बराच वेळ कठड्याला टेकून उभे होतो. मग इ.स. १७९ च्या रोमन छावणीची वेस, एका घराच्या भिंतीत बसून गेलेली. चिऱ्यावर तळहात ठेवला. बाहेर ऊन असूनही दगड गार.

पण माझे लक्ष सकाळपासून खगोलशास्त्रज्ञ केप्लरांकडे होते. दहावीच्या मुलांना त्यांचे ग्रहगतीचे तीन नियम इतकी वर्षे शिकवले, आणि ते या गावात वारले हे मला बोटीवरचे माहितीपत्रक वाचेपर्यंत ठाऊक नव्हते! ग्रुप जेवायला गेला तेव्हा ह्यांना म्हटले, चला, आपण तिकडे जाऊ.

ते वारले ते घर त्यांचेच नाव दिलेल्या एका अरुंद गल्लीत आहे. १६३० च्या शरद ऋतूत सिलेसिया प्रांतातून घोड्यावरून ते इथे आले. सम्राटाकडे थकलेला पगार मागायचा होता. प्रवासात प्रकृती ढासळली, ताप चढला आणि १५ नोव्हेंबरला गेले. वय अठ्ठावन्न. नोकरीच्या सुरुवातीला माझाही पगार चौदा महिने थकला होता, म्हणून त्या दारासमोर उभी असताना घसा दाटून आला. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा ज्यांनी मांडल्या, त्यांनाही हक्काच्या पैशासाठी थंडीत खेटे घालावे लागले.

तटाबाहेर त्यांना पुरले होते, पण तीस वर्षांच्या युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि कबरीचा मागमूसही उरला नाही. कबरीवरच्या ओळी त्यांनी स्वतःच रचल्या होत्या: आकाश मोजत होतो, आता पृथ्वीच्या सावल्या मोजतो.

स्टेशनजवळच्या बागेत १८०८ चे त्यांचे स्मारक आहे, गोल, खांबांचे, आत अर्धपुतळा. पायरीवर बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. ह्यांनी विचारले, "लंबवर्तुळ कसं काढायचीस गं फळ्यावर?" पर्समध्ये दोरा होता. दोन काड्या मातीत रोवल्या, दोऱ्याचा सैल फास त्यांच्याभोवती घातला, तिसरी काडी त्यात ताणून धरत फिरवली. माती भुसभुशीत होती, रेघ मधेच तुटली. ह्यांनी एक काडी घट्ट धरली, मी पुन्हा फिरवली. या वेळी पूर्ण झाले.