आयपी 68 वाला फोन सोडून साधा फोन का घेतला (माझा अनुभव)

गावातली पोरं विचारतात, काय भो, तुझ्याजवळ तर भारी फोन होता, मग हा सॅमसंगचा एम सिरीजवाला कशाला घेतला? दरवेळी तीच स्टोरी सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

जुन्याची कंपनी सांगत नाही, उगाच कटकट. फोन दिसायला एक नंबर, आयपी 68 (म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग), जाहिरातीत तर पाण्यात बुडवून दाखवायचे. आपलं काम केळीच्या बागेत, ड्रिपचा व्हॉल्व्ह सोडला की कुठून पिचकारी उडेल भरोसा नाही, म्हणून मुद्दाम तोच घेतला होता. वर्षाच्या आत डिस्प्लेवर उभी हिरवी रेघ आली. बिल पक्कं, वॉरंटी चालू, म्हटलं बदलून देतील.

रावेरात त्यांचं सेंटर नाही, मग काय, गाडी धरून भुसावळ, तिथून जळगाव. टोकन घेऊन बसलो, नंबर आला तेव्हा जेवणाची सुट्टी. नंतर काउंटरवरच्या पोराने सिमचा ट्रे काढला, आत टॉर्च मारला आणि म्हणे, "हे बघा सर, लाल झालंय." त्या फटीत ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो. माझा एका कोपऱ्यात जरासा गुलाबी, लाल म्हणायची पण लायकी नाही. तरी जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) लिहिलं लिक्विड डॅमेज, वॉरंटी बाद, डिस्प्लेचे साडेबारा हजार भरा.

मी म्हटलं अरे भाऊ आयपी 68 म्हणजे पाण्यात चालतो ना? तर म्हणे, "सर ते रेटिंग आहे, वॉरंटी नाही." हे वाक्य अजून डोक्यात जातं. नंतर घरी बसून वाचलं तर पोरगा खोटं बोलत नव्हता, ती टेस्ट लॅबमधल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात ठरावीक खोली नि ठरावीक वेळ करतात, घाम, साबण, जोराची धार यात येत नाही, आणि बहुतेक कंपन्या पाण्याचं नुकसान वॉरंटीच्या बाहेरच ठेवतात. मग जाहिरातीत बुडवता कशाला? मे महिन्यात आपल्याकडं पारा 44-45 ला, खिशातला फोन घामानेच भिजतो, या हिशोबाने खान्देशातला एकही फोन वॉरंटीत बसायचा नाही.

मॅनेजरशी बोलायचं तर मॅनेजर नाशिकला. फोन केला की "हेड ऑफिसला मेल टाकलाय". शेवटी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली तेव्हा कुठं कंपनीचाच फोन आला, एकदम गोड आवाजात, लेबर चार्ज माफ करतो पण पार्टचे पैसे द्यावे लागतील. म्हटलं राहू द्या, आणि रेघेसकट फोन घेऊन आलो. जॉबशीटवर मात्र सही केली नाही. तुम्ही पण वाचल्याशिवाय करू नका, आणि फोन देतानाच त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

आता हा नवा. स्वस्त आहे, संध्याकाळचे फोटो बेकार येतात, मान्य. पण मेमरी कार्ड बसतं आणि डिस्प्ले गेला तर रावेरातला रिपेअरवाला पण टाकून देतो. मुख्य म्हणजे कॉल रेकॉर्डिंग. गूगलच्या डायलरमधे (कॉल लावायच्या ॲपमधे) रेकॉर्डिंग चालू केलं की समोरच्याला बाई ओरडून सांगते, माझ्या फोनात तसं होत नाही. व्यापारी फोनवर एक भाव सांगतो नि गाडी भरताना दुसरा, तेव्हा रेकॉर्डिंग ऐकवलं की गप बसतो. मला तरी मेगापिक्सेलपेक्षा हे कामाचं.

जुना घरीच पडलाय, पोरगी त्यावर व्हिडिओ बघते, मधे बादलीत पडला तरी चालू आहे, काय बोलायचं.

हां, एक राहिलंच. फोन बदलला की यूपीआय नव्याने चालू करावं लागतं, त्यासाठी सिममधून मेसेज जातो, म्हणून रिचार्ज संपलेला नको. आणि पहिले 24 तास 5 हजारांच्या वर पैसे जात नाहीत, तर मजुरांचा हिशोब करायच्या दिवशी फोन बदलू नका, बाजाराच्या दिवशी तर अजिबात नाही.