दंडाला पट्टा, चोवीस तास

दवाखान्यात माझं बीपी 154/96, घरच्या मशीनवर 126/80. असं तीनदा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "गोळी सुरू करायच्या आधी चोवीस तासांचं मॉनिटर लावून बघू."

डाव्या दंडाला पट्टा, कमरेला जुन्या वॉकमनएवढं यंत्र, मानेमागून फिरवलेली रबरी नळी. दिवसा दर 20 मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने पट्टा फुगणार. फुगला की हात सैल सोडून स्तब्ध राहायचं. कधी जेवलात, कधी झोपलात, जिने चढलात का, सगळं कागदावर लिहायचं. "भांडलात तरी लिहा," तिथल्या ताई हसत म्हणाल्या. अंघोळीला सुट्टी.

रिक्षात हात हलला की यंत्र रुसायचं आणि दोन मिनिटांत पुन्हा आवळायचं. भाजी घेताना सुटे पैसे हातात धरून मी पुतळ्यासारखी उभी. "ताई, चक्कर येतेय का?" भाजीवाल्या मावशींनी खुर्चीच पुढे केली. रात्री तर विचारू नका. डोळा लागला की गुर्रर्र.

निकाल आला: दिवसाची सरासरी 127/79, रात्रीची 110/66. झोपेत दाब 10 ते 20 टक्के उतरायला हवा, तो उतरला होता. म्हणजे वाढतो तो फक्त डॉक्टरांसमोर.

पण का? डॉक्टरांनी माझाच हात माझ्या जबड्याखाली, नाडीवर ठेवला. इथे मानेतल्या धमनीच्या भिंतीत ताण मोजणारी मज्जातंतूंची टोकं असतात. आपण उठून उभे राहिलो की अर्धा लिटरच्या वर रक्त पायांकडे, पोटाकडे उतरतं. तरी भोवळ येत नाही, कारण ही टोकं मेंदूला कळवतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. काही सेकंदांचा खेळ. दाब वाढला तर नेमकं उलट.

"मग तुमच्यासमोर ती झोपतात का?"

"झोपत नाहीत. भीती वाटली की मेंदू 'ठीक' कशाला म्हणायचं ती रेघच वर सरकवतो. मग 150 सुद्धा त्यांना बरोबर वाटतं."

गोळी टळली. मात्र अशा लोकांचं बीपी पुढे खरोखर वाढू शकतं, म्हणून घरी मोजत राहायचं आणि वर्षाने पुन्हा पट्टा.

कागदावरची एक नोंद डॉक्टरांनी मोठ्याने वाचली: "रात्री 9:10, ह्यांच्याशी वाद." समोर आकडा 138/86. दवाखान्यातल्यापेक्षा कमीच. ह्यांना तो कागद मी अजून दाखवलेला नाही.