चौघांचा गट आणि खाडीचा प्रश्न

काल नववीच्या तासाला मी जेमतेम पाच-सहा वाक्यं बोलले असेन आणि गेल्या कित्येक महिन्यांत इतका छान तास झाला नव्हता, म्हणून आजच लिहून ठेवतेय.

आधी गेल्या वर्षीचं सांगते. तेव्हा मी मोठ्या हौसेने सहा-सहा जणांचे गट पाडले आणि फळ्यावर लिहिलं, 'खाडीच्या प्रदूषणाचे परिणाम : चर्चा करा'. प्रत्येक गटातल्या एका हुशार मुलीने गाईड उघडून पाच मुद्दे उतरवले, बाकीचे तिच्या वहीकडे बघत बसले, मागच्या बाकांवर क्रिकेटच्या गप्पा सुरू. मी चिडले पोरांवर. संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये विचार करत होते तेव्हा लक्षात आलं की चर्चा करण्यासारखं त्यात होतंच काय, उत्तर आधीच छापलेलं, मग कुणी कशाला डोकं चालवेल?

यंदा पहिलं काम केलं ते प्रश्नाचं. ऐरोलीच्या पोरांना फ्लेमिंगो काय ते सांगावं लागत नाही, २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, हे त्यांना पाठ आहे. मी विचारलं, 'खाडीचं पाणी उद्या एकदम स्वच्छ झालं तर फ्लेमिंगो खूश होतील का?' सगळा वर्ग एका सुरात, हो बाई! मग मी एवढंच सांगितलं की आपल्याकडे जे छोटे रोहित, म्हणजे लहान जातीचे फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने येतात त्यांचं मुख्य खाणं म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, आणि सांडपाण्यातून येणारं नायट्रोजन-फॉस्फरस हे त्या शेवाळाला खतासारखं असतं. आता सांगा.

वर्ग एकदम चिडीचूप. पूर्वी अशी शांतता झाली की मला भीती वाटायची आणि मीच उत्तर देऊन टाकायचे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत पण वर्गात बावन्न चेहरे तुमच्याकडे बघत असताना मनात एक, दोन, तीन मोजून बघा, फार मोठे वाटतात. मी पाचपर्यंत मोजते.

मग गट. आमची बाकं जड आहेत, हलत नाहीत, म्हणून पुढच्या बाकावरच्या दोघांनी फक्त मागे वळायचं, चौघांचा गट तयार. सहापेक्षा चार कितीतरी बरे, चौघांत लपायला जागा नसते. आधी दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने वहीत लिहायचं, मग बोलायचं, हे मी आता अजिबात सोडत नाही, कारण नाहीतर जो पहिला बोलतो त्याचंच सगळ्यांचं मत होतं. आणि शेवटी वर्गासमोर बोलायचं ते स्वतःचं मत नाही, गटातल्या दुसऱ्या कुणाचं तरी. एवढ्या एका नियमाने ऐकायला लागतात हो पोरं, खरंच.

मी खिडकीशी उभी राहिले. गटाजवळ गेलं की सगळे माझ्याकडे तोंड करून बोलतात, म्हणून लांबच बरं.

दिवा कोळीवाड्यातली एक मुलगी आहे, वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. तिच्या गटातला एक मुलगा म्हणत होता की मग सांडपाणी येऊ द्यावं, पक्षी वाचतील, पर्यटक येतील. ती वहीवरून पेन न उचलता म्हणाली, "मग आमच्या आजोबांनी जाळं कुठे टाकायचं?" पुढे तिने सांगितलं की आजोबा आधी निवट्या, चिंबोऱ्या, बोय घेऊन यायचे, आता जाळ्यात प्लास्टिकच जास्त येतं. तो मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, "पण पक्ष्यांनी काय खायचं?" आणि तिला उत्तर सुचेना. दोघंही खरे. मला मध्ये पडायचा इतका मोह झाला की हातातला खडू मोडला. पण थांबले. मिनिटभराने तिसरीच मुलगी म्हणाली, पाणी एकदम स्वच्छ न करता हळूहळू केलं तर? आणि मग किती हळू, कोण ठरवणार, यावर चौघं तुटून पडले.

शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या, आवाज फार होतोय म्हणाल्या, बरोबरच होतं त्यांचं. आता दार लावून घेते.

शेवटी त्या गटातून तो मुलगाच उठला आणि नियमाप्रमाणे तिचं म्हणणं सांगितलं, जाळ्यातल्या प्लास्टिकसकट. ती मान खाली घालून ऐकत होती पण मध्येच म्हणाली, "बोय नाही विसरायचं."

पुढच्या आठवड्यात कांदळवनावर घ्यायचंय. इथे एलिअट अ‍ॅरनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची १९७१ सालची जिगसॉ पद्धत करून बघणार, प्रत्येकाकडे माहितीचा एकच तुकडा, चौघांचे जोडल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. तुकडे तयार आहेत. प्रश्न अजून नीट सापडला नाहीये, तीन लिहून खोडले, तिन्हींची उत्तरं पुस्तकात मिळतात.