किलकिले

आज नागपूरच्या व्हरायटी चौकात वैजू दिसली. दिसली म्हणजे काय, दिसले ते डोळे. बाकी सगळा स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे. नवतपातली, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांतली दुपार, मीही तशीच गुंडाळलेली. सिग्नलच्या हिरव्या जाळीखाली ती दोन गाड्या सोडून थांबली. माझ्याकडे वळली, डोळे किलकिले केले, पुन्हा समोर बघायला लागली. सिग्नल सुटला, गेली.

तेव्हापासून कूलरसमोर बसून एकच चाललंय. ओळखलं, की उन्हाची तिरीप होती? पण जाळीखाली कुठलं ऊन? की जाळी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती?

हा शब्दही मेला असा आहे! दाराचं सरळ असतं. पेपरात ‘चर्चेचं दार किलकिलं’ आलं की कुणीतरी आतून कडी काढली असं समजायचं. बंद होत चाललेल्या दाराला कुणी किलकिलं म्हणत नाही. डोळ्यांचं तसं नाही. झोपेतून उठणारं पोर डोळे किलकिले करतं तेव्हा ते उघडत असतात. उन्हात आपण करतो तेव्हा मिटत असतात. शब्द तोच. मिचमिचे म्हणावं तर त्यात उघडझाप आली, ती नव्हती. अर्धोन्मीलित मूर्तींसाठी ठेवावं, स्कूटीवरच्या बाईला शोभत नाही.

इतक्या वर्षांची मैत्री, आणि मी एका विशेषणात तिचा राग चाचपतेय. ताईच्या लग्नात जे झालं त्यात माझं एकटीचं... जाऊ दे. मला कुणी विचारलंच कुठे तेव्हा. आताही नाही.

आईला सांगितलं. ती आंबे पिळत होती. ‘‘काहून वं, तू हात केला का?’’

नाही केला.

‘‘मंग? तिले बी तुह्ये डोयेच दिसले असतीन ना.’’

तेव्हा आठवलं, मी तर काळा गॉगल लावला होता. म्हणजे तिला डोळेसुद्धा नाही दिसले. चौकात एक कापडाचं गाठोडं गाडीवर बसलं होतं, आणि ते गाठोडं आता घरी येऊन रुसलंय. खूप वेळ हसू येत राहिलं.

गाडी मात्र दिसली असेल. हेडलाइटला अजून ती पिवळी टेप आहे. २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता, त्याच आठवड्यात भर उन्हात रस्त्यावर बसून वैजूनंच लावून दिली होती ती.