वाऱ्यावर चालणारी गिरणी

साताऱ्यात आमची पिठाची गिरणी आहे. हे गेल्यापासून नऊ वर्षं मीच चालवते. त्यामुळं लेक नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून फोनवर म्हणाली, "आई, मे महिन्यात ये, तुला पवनचक्क्या दाखवते," तेव्हा मला हसूच आलं. त्यासाठी विमानात कशाला बसायचं? ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर हव्या तेवढ्या आहेत की! आणि त्यांच्यात चक्की असते कुठं? नाव चक्की, पीठ चिमूटभर नाही. दुष्काळाच्या सालात तर यांनीच ढग पळवले म्हणून लोक त्यांच्या नावानं बोटं मोडायचे.

तरी गेले. लेकीला बघायचं होतं.

पहिल्याच रविवारी तिनं वॉटरबसमध्ये बसवून किंडरडाइकला नेलं. पाण्याच्या कडेनं १९ पवनचक्क्या, बहुतेक १७३८ ते १७४० या काळातल्या. १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पाती इतकी खाली येतात की खालून जाणाऱ्याचं डोकं उडेल. म्हणून चक्कीतल्या घराला दोन बाजूंना दोन दारं. एकासमोर पाती फिरत असली तर दुसऱ्यानं बाहेर पडायचं. आत कपाटात बसवल्यासारखे पलंग, चूल, आणि मधून घरघरणारा लाकडी खांब. मी आत शिरल्या शिरल्या पिठाचा वास शोधत होते.

"पीठ कुठंय गं?"

"आई, या दळत नाहीत. पाणी उपसतात."

सखल जमीन, पाणी आपोआप वाहून जात नाही, म्हणून चाकानं ते वरच्या पाटात ढकलायचं आणि तिथून नदीत सोडायचं. म्हणजे वाऱ्याची मोटच! साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण म्हटलं, चाळकेवाडीसारखंच झालं, इथंही पीठ नाहीच.

लेकीला माझा चेहरा कळला असणार. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तिथं गिरण्यांचा दिवस असतो, देशभरातल्या शेकडो जुन्या गिरण्या लोकांसाठी उघडतात. त्या शनिवारी तिनं मला रॉटरडॅमशेजारच्या स्खीडामला नेलं. जुन्या पवनचक्क्यांमधल्या जगातल्या सगळ्यात उंच तिथं आहेत. दे नोर्ड नावाची तर ३३ मीटरची. गावातल्या घरांवरून वारा मिळावा म्हणून इतक्या उंच बांधल्या. पूर्वी दारूच्या भट्ट्यांसाठी धान्य दळायच्या.

तिथल्या एका चालू गिरणीचा जिना म्हणजे शिडीच. साडी नेसले नव्हते हे बरं. वरच्या मजल्यावर पोचले आणि वास आला. गरम पिठाचा, ओळखीचा. मला एकदम आपल्या घरी आल्यासारखं झालं.

गिरणीवाला साठीचा, उंच, भुवयांवर पीठ. पगार नाही. तिकडं असे हौशी गिरणीवाले रीतसर शिकतात, परीक्षा देतात आणि सुटीच्या दिवशी गिरणी चालवतात. हे कसब २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेलंय म्हणे. इकडं मला परीक्षा कुणी विचारली नाही, फक्त लाइटबिल विचारतात.

लेक मधे उभी राहून भाषांतर करत होती. मी चोंग्यातून पडणारं पीठ अंगठा आणि बोटात घेऊन चोळलं. सवयच आहे ती. त्यानं माझ्याकडं बघितलं, स्वतः चोळलं आणि वरचा दगड केसभर खाली घेतला. यात भाषांतराची गरज लागली नाही.

धान्याच्या पेटीत एक घंटी होती. धान्य आहे तोवर त्याच्या वजनानं पट्टा दाबून राहतो. पेटी रिकामी होत आली की पट्टा सैल पडतो आणि घंटी वाजायला लागते. दगडावर दगड कोरडा फिरला तर ठिणगी पडते आणि गिरणीच्या आतलं सगळं लाकडाचं. आमच्याकडं ही घंटी म्हणजे मीच. गिऱ्हाइकाशी बोलताना सुद्धा माझा एक कान दगडाकडं असतो, आवाज पातळ झाला की हात आपोआप बटणाकडं जातो.

दगडांना टाकी कोण लावतं, म्हणजे ठोकून खरबरीत कोण करतं, असं मी विचारलं. हे शब्द लेकीला येईनात. शेवटी मी हातानं ठोकून दाखवलं. त्यानं बाही वर करून पंजाची मागची बाजू पुढं केली. टाकीचे बारीक लोखंडी कण घुसून पडलेले निळे ठिपके. माझ्या डाव्या हातावर तसे तीन आहेत. दोघांचे हात शेजारी धरून लेकीनं फोटो काढला.

निघताना पाती थांबवली होती. थांबवण्याचीही तऱ्हा असते तिकडं. आनंदाची बातमी असेल तर पातं माथ्यावर पोचायच्या जरा अलीकडं थांबवतात, दुःखाची असेल तर माथा ओलांडल्यावर. हे गेले तेव्हा तेरा दिवस आमचं शटर अर्धं खाली होतं. मी ते काही बोलले नाही.

मोबाइलवर त्याला आमची गिरणी दाखवली. दहा हॉर्सपॉवरची मोटर बघून त्यानं विचारलं, "आणि लाइट गेली की?"

"बसून राहायचं."

तो खो खो हसला. वारा पडला की तोही बसूनच राहतो म्हणाला.

किलोभर पीठ आणलं. रात्री चपात्या केल्या, कडा चिरल्या. जाडसर दळलेलं होतं. जावयांनी तरी चार खाल्ल्या.