लिमोनचेल्लोची तिसरी खेप आणि जेवणाआधीचा ग्लास

लिमोनचेल्लो म्हणजे लिंबाची साल अल्कोहोलमध्ये मुरवून केलेलं गोड लिक्युअर. तीन आठवडे कपाटात अंधारात ठेवलेली त्याच्या तिसऱ्या खेपेची बाटली आज संध्याकाळी उघडली. ग्लास संपला आणि मला कडकडून भूक लागली. हेच मला हवं होतं. त्यासाठी तीन बरण्या खर्ची पडल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उत्तर इटलीतल्या ट्युरिनमध्ये राहते. इथे संध्याकाळी सहा-साडेसहाला बारबाहेरची टेबलं भरायला लागतात. ही अपेरितीव्होची, म्हणजे जेवणाआधीच्या पेयाची वेळ. शब्द लॅटिनमधल्या ‘अपेरिरे’वरून आला आहे, म्हणजे उघडणं. जेवणासाठी पोट उघडायचं. त्यामुळे या वेळच्या पेयात कडवटपणा लागतोच. याच शहरात १७८६ मध्ये आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानोने आपला व्हर्मूथ विकायला काढला, तोही वाइनमध्ये कडू-सुगंधी वनस्पती मुरवूनच. लिमोनचेल्लो मात्र दक्षिणेचा, सोरेंतो, अमाल्फी, काप्री या पट्ट्यातला. तो जेवण झाल्यावर फ्रीझरमधून काढून चिमुकल्या ग्लासात देतात, चांगला गोड आणि दाटसर. मला तोच जेवणाआधी घ्यायचा होता.

पहिली खेप मी सगळ्या घरांत करतात तशीच केली. इथे वाण्याच्या दुकानात ९५ टक्क्यांचं शुद्ध अल्कोहोल घरगुती लिक्युअरसाठी सरळ मिळतं. त्याचं अर्धा लिटर, सहा लिंबांची साल, ६५० मिली पाणी आणि ५०० ग्रॅम साखर. चव उत्तम होती, जेवणानंतरची. मग अपेरोल या कडू-गोड नारिंगी लिक्युअरच्या स्प्रिट्झचं ठरलेलं माप डोळे झाकून उचललं: तीन भाग प्रोसेको (इथली फेसाळ पांढरी वाइन), दोन भाग लिक्युअर, एक भाग सोडा. दोन घोटांत जीभ चिकट झाली आणि डोकं जड.

कारण कागदावर आकडे मांडल्यावर कळलं. अपेरोलमध्ये अल्कोहोल ११ टक्के, माझ्या लिमोनचेल्लोत साधारण ३२. म्हणजे ६० मिली अपेरोलमधून साडेसहा मिली शुद्ध अल्कोहोल जातं, तर माझ्या ६० मिलीतून एकोणीस. जवळजवळ तिप्पट! शिवाय वीसेक ग्रॅम साखर. अपेरोलही काही कमी गोड नाही, पण त्यातला कडवटपणा त्या गोडीला धरून ठेवतो. लिमोनचेल्लोत तसं धरून ठेवणारं काहीच नाही. ज्यांची लिमोनचेल्लो स्प्रिट्झ बिघडते, त्यांचं बहुतेक याच जागी बिघडत असावं. माप अपेरोलसाठी बेतलेलं असतं आणि बाटली दुसरीच असते.

दुसऱ्या खेपेत मी कडवटपणा लिंबातूनच काढायला गेले. साल जरा जाड काढली, आतलं पांढरं राहू दिलं. ही चूक कुणी करू नका. पांढऱ्याचा कडूपणा घशाशी जाऊन बसतो आणि हलत नाही. कम्पारी या लाल, कडू लिक्युअरचा किंवा व्हर्मूथचा कडूपणा जिभेच्या कडांना लागतो, तोंडाला पाणी सुटतं आणि तो निघून जातो. दोन्हींना आपण ‘कडू’ हा एकच शब्द वापरतो, म्हणून माझी फसगत झाली. ती खेप केकच्या पाकात संपवली.

आता तिसरी. नोव्हेंबरात बाजारात चेद्रो दिसला. लिंबाच्या जातीचं मोठं, ओबडधोबड, गाठीगाठींचं फळ, आत रस नावापुरता आणि पांढरा थर बोटभर जाड. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. ती म्हणाली, “अगं, हे तर म्हाळुंग! आपल्या अंबाबाईच्या हातात असतं ते.” कोल्हापुरात इतकी वर्षं दर्शन घेतलं, मूर्तीच्या उजव्या हातातलं फळ रोज पाहिलं, पण ते खरं हातात आलं इथे, आल्प्सच्या पायथ्याशी. इटलीत हे फळ दक्षिणेकडच्या कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर पिकतं, त्या भागाला ‘रिव्हिएरा देई चेद्री’ असंच म्हणतात. तिथल्या सांता मारिया देल चेद्रोला दर उन्हाळ्यात ज्यू धर्मगुरू येतात आणि सुक्कोतच्या सणासाठी एकेक निर्दोष फळ पारखून नेतात. कोल्हापूरची देवी आणि तो सण, दोन्हीकडे मान याच फळाला. हे कळल्यापासून मी ते सोलताना हात जपून चालवते.

माप असं: एक चेद्रो, चार लिंबं, अर्धा लिटर अल्कोहोल, बारा दिवस. लिंबं घेताना पाटीवर ‘बुच्चा नॉन एडीबिले’ (साल खाण्याजोगी नाही) लिहिलेलं असेल तर घेऊ नका, त्या सालीवर फवारा किंवा मेण असतं. सोलाणं अगदी हलक्या हाताने फिरवायचं, सालीच्या आतून बोट दिसावं इतकी पातळ. चेद्रोच्या गाठींमुळे हे जिकिरीचं आहे, मला पाऊण तास लागला. बाराव्या दिवशी साली फिकट पडून इतक्या कडक झाल्या होत्या की वाकवल्यावर वेफरसारख्या मोडल्या. रंग आणि तेल सगळं अल्कोहोलमध्ये उतरलं होतं. चेद्रोचा जाड पांढरा थर कडू नसतो, तो टाकू नका. कॅलाब्रियात तो पाकवतात, मी आईच्या पद्धतीने वेलदोडा घालून मुरांबा केला.

पाकात साखर निम्म्यावर आणली: ९०० मिली पाण्याला २५० ग्रॅम. लिटरमागे १६० ग्रॅमच्या आसपास पडते. युरोपच्या नियमात लिक्युअर म्हणवायला किमान १०० ग्रॅम लागते, म्हणजे आणखी कमी करायला वाव आहे. पाक पूर्ण गार होऊ द्या आणि ओतताना गॅस बंद ठेवा, ९५ टक्क्यांचं अल्कोहोल चटकन पेट घेतं.

ओतताना मात्र नजर बरणीवर ठेवा. आधी सोनेरी, आरपार दिसणारा द्रव. पाकाची धार पडली की तिथे धुराची एक वेटोळी उठते, विरते, पुन्हा उठते, आणि मग एका क्षणाला सगळी बरणी दुधाळ होते. सालीचं तेल कडक अल्कोहोलमध्ये विरघळलेलं राहतं, पाणी वाढलं की सुटून बारीक थेंबांत तरंगतं, आणि ते थेंब प्रकाश विखुरतात. मी बरणीमागे पुस्तक धरलं होतं, अक्षरं ओळीओळीने बुडत गेली.

आजचा ग्लास: मोठे बर्फाचे खडे, लिक्युअर २० मिली, कम्पारी १०, प्रोसेको ९०, सोडा ६०, वर लिंबाच्या सालीचा तुकडा पिळून. प्रोसेको ‘ब्रूत’च घ्या. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवं आहे, ती ब्रूतपेक्षा गोड असते. कम्पारीचा लाल आणि लिक्युअरचा दुधाळ मिळून रंग थेट सोलकढीचा आला. आधी लिंबाचा वास, मग चेद्रोचा फुलासारखा हलका सुगंध, शेवटी कडवटपणा, आणि लगेच हात ऑलिव्हच्या वाटीकडे.

प्रोसेको नसेल तर ५० मिली ड्राय व्हर्मूथ, २० मिली लिक्युअर आणि वर सोडा. खरं तर मला हाच ग्लास जास्त आवडला. शेजारीण कॅलाब्रियाची आहे, तिला दोन्ही चाखवले. व्हर्मूथचा ग्लास तिने रिकामा करून परत दिला, स्प्रिट्झ अर्धी ठेवली. साखर अजून पन्नास ग्रॅम कमी कर, म्हणाली.

तेव्हा चौथ्या खेपेत २०० ग्रॅम. रेज्जो कॅलाब्रियाचे चार बर्गामोट, म्हणजे लिंबाच्या जातीची सुगंधी फळं, तिनेच दिलेत, हिरवट-पिवळे, स्वयंपाकघरभर वास सुटलाय. उद्या सकाळी सोलायला बसते.